गिटारचा आवाज मधमाश्यांसारखा येतोय? कॅबिनेट आयआर वापरायची पद्धत, अगदी पहिल्यापासून

आमच्या गल्लीच्या गणपतीत पहिल्यांदा मल्टीइफेक्ट, म्हणजे गिटारचे अनेक इफेक्ट एकत्र असलेलं पेडल, घेऊन वाजवायला उभा राहिलो, तेव्हाची गोष्ट. घरी तोच टोन छोट्या प्रॅक्टिस ॲम्पमधून महिनाभर छान वाजत होता. मंडपात साउंडवाल्या दादांनी केबल थेट मिक्सरला लावली आणि मी डिस्टॉर्शनचा पहिला कॉर्ड मारला. माझा एक मित्र उद्यमनगरात लेथवर काम करतो, मशीनचं दुखणं नुसत्या आवाजावरून ओळखतो. तो स्टेजजवळ आला आणि म्हणाला, "आरं, पोळं उठल्यागत वाजतंय की."

त्याचं बरोबर होतं. घरी माझ्या नकळत प्रॅक्टिस ॲम्पचा स्पीकर निम्मं काम करत होता. मंडपात तो मधून निघून गेला आणि उरला तो कच्चा, करवतीसारखा सिग्नल. पुढचे कित्येक महिने मी गेन, ट्रेबल, प्रेझेन्स फिरवत बसलो, पण चूक तिथे नव्हतीच. ती कॅबिनेटच्या जागी होती, आणि ती जागा भरायची सोय म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स, सगळे ज्याला आयआर म्हणतात. तुमचे ते महिने वाचावेत म्हणून हे सविस्तर लिहितोय.

१. आधी एवढं समजून घ्या

मिरज आमच्या कोल्हापूरपासून तासा-दीड तासावर. तिथल्या तंबोऱ्याचा विचार करा. तार आणि जवारी मिळून स्वरातल्या असंख्य उपस्वरांना जागं करतात, पण त्या झणझणाटाला अंग देतो तो भोपळा. इलेक्ट्रिक गिटारमध्ये जवारीचं काम ॲम्प करतो आणि भोपळ्याचं काम स्पीकरची पेटी, म्हणजे कॅबिनेट, थोडक्यात कॅब.

गिटारचा १२ इंची स्पीकर हा घरातल्या म्युझिक सिस्टिमच्या स्पीकरसारखा नसतो. साधारण ७०-८० हर्ट्झच्या खाली तो फारसं काही देत नाही आणि ५ किलोहर्ट्झच्या पुढे त्याचा आवाज झपाट्याने उतरतो. मधल्या पट्ट्यातही त्याचे स्वतःचे चढ-उतार असतात. डिस्टॉर्शनमुळे जे तीक्ष्ण उपस्वर तयार होतात ते या उतारावरच गाळले जातात. हेडफोन किंवा पीए स्पीकर, म्हणजे मंडपातले मोठे स्पीकर, मात्र २० किलोहर्ट्झच्या आसपासपर्यंत सगळं इमानदारीने वाजवतो. मधमाश्या येतात त्या तिथून.

आता आयआर म्हणजे काय? मोकळ्या माळावर हलगीवर एकच थाप मारा. मग मंगळवार पेठेतल्या एखाद्या अरुंद बोळात तीच थाप मारा. थाप तीच, पण मागून जे येतं ते वेगळं, आणि त्या मागून येणाऱ्यात त्या जागेची पूर्ण ओळख असते. थाप हा इम्पल्स, मागून येतो तो रिस्पॉन्स. कॅबिनेटच्या बाबतीत बहुतेक वेळा थाप मारत नाहीत. २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत चढत जाणारा एक सूर स्पीकरमधून वाजवतात, समोरच्या माइकने तो रेकॉर्ड करतात आणि गणिताने त्यातून ती एका थापेची ओळख काढतात. ती साठवली जाते साध्या वेव्ह फाईलमध्ये. तुमच्या गिटारच्या प्रत्येक सॅम्पलवर सॉफ्टवेअर ही छाप उमटवतं आणि सगळ्या छापांची बेरीज करतं. या क्रियेला कन्व्होल्यूशन म्हणतात.

त्यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे, आयआरमध्ये नुसता स्पीकर नसतो. स्पीकर, पेटी, माइक आणि माइकची जागा हे सगळं एकत्र गोठलेलं असतं. दुसरं, आयआर डिस्टॉर्शन देत नाही. जोरात वाजवल्यावर स्पीकरच्या कागदी कोनमुळे, म्हणजे शंकूसारख्या पडद्यामुळे, आवाज जो थोडा फाटतो, ते फाटणं त्या फाईलमध्ये येत नाही.

अपेक्षेबद्दल एक गोष्ट आत्ताच सांगतो, कारण इथे बरेच जण नाउमेद होतात. आयआरमधून ऐकू येतो तो माइकने टिपलेला आवाज. खोलीत ॲम्पसमोर उभं राहिल्यावर पोटाला जाणवणारा आवाज तो नव्हे. तुलना करायचीच तर आवडत्या रेकॉर्डिंगमधल्या गिटारशी करा.

२. लागणारं सामान

• ऑडिओ इंटरफेस, ज्यावर गिटारसाठी 'इन्स्ट' किंवा 'हाय-झेड' इनपुट आहे. फोकसराइट स्कार्लेट सोलो किंवा बेहरिंगर यूएम२ असं साधं यंत्रही चालतं.
• लॅपटॉप आणि रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. मी रीपर वापरतो. पहिले ६० दिवस ते फुकट वापरून बघता येतं.
• ॲम्पचं प्लगिन, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरच्या आत चालणारा ॲम्प. न्यूरल ॲम्प मॉडेलर, म्हणजे नॅम, मोफत आहे आणि खऱ्या ॲम्पच्या जवळ जातं.
• आयआर लोडर. नॅममध्ये तो आतच आहे. दोन आयआर मिसळायचे असतील तर इग्नाइट ॲम्प्सचा नॅडआयआर घ्या, तोही मोफत.
• कान झाकणारे, वायरचे हेडफोन. ब्लूटूथचे नकोत, त्यात आवाज इतका उशिरा पोचतो की वाजवताच येत नाही.
• आयआर फाईली. सुरुवातीला मोफत मिळणारा एखादाच संच पुरे.

मल्टीइफेक्ट पेडल असेल तर लॅपटॉपशिवायही जमतं, फक्त त्यात बाहेरची आयआर फाईल भरायची सोय आहे ना, हे विकत घेण्याआधी माहितीपुस्तिकेत बघा. 'कॅब सिम्युलेशन आहे' एवढ्यावर समाधान मानू नका. आतले ठरावीक कॅब असणं वेगळं आणि आपली फाईल घालता येणं वेगळं.

३. सिग्नल स्वच्छ घ्या

गिटार हाय-झेड इनपुटलाच लावा. साध्या लाइन इनपुटला लावली तर पिकअपवर भार पडतो आणि आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. मग जगातला कोणताही आयआर तो उघडू शकत नाही. सगळ्यात जोरात वाजवून बघा आणि मीटरचं वरचं टोक उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहील इतकाच गेन ठेवा. लाल दिवा एकदाही लागता कामा नये.

बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी उचलतो तो आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पल ठेवा. ४८ किलोहर्ट्झवर हे २.७ मिलिसेकंद होतात. येताना, जाताना आणि यंत्राचा स्वतःचा वेळ धरून एकूण ८-१० मिलिसेकंद होऊ शकतात. आवाजाला हवेतून ३ मीटर जायला साधारण ९ मिलिसेकंद लागतात, म्हणजे ॲम्पपासून तीन मीटरवर उभं राहिल्यासारखं झालं. बोटांना त्याची सवय होते. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीने सांगितलेला असिओ ड्रायव्हर, म्हणजे हा उशीर कमी ठेवणारं सॉफ्टवेअर, टाकायला विसरू नका.

घूं आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर वाजवून बघा. आमचं घर जुनं, अर्थिंग कच्चं. अर्धी घरघर चार्जरमधूनच येत होती.

४. साखळी बरोबर लावा

क्रम असा: गिटार, मग ओव्हरड्राइव्ह वगैरे पेडल, मग ॲम्प, मग आयआर, आणि त्यानंतर डिले-रिव्हर्ब. आयआर ॲम्पच्या आधी लावला तर गाळणी डिस्टॉर्शनच्या आधी बसते आणि मधमाश्या तशाच राहतात.

इथला सगळ्यात मोठा सापळा म्हणजे दोन कॅब. बहुतेक ॲम्प प्लगिनमध्ये कॅब आधीच चालू असतो. त्यावर तुम्ही आयआर लावला की आवाज दोनदा गाळला जातो. असा आवाज ओळखायला सोपा आहे: डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा, मधला भाग नाकातला, वरची धार गायब. नवखा माणूस अशा वेळी ट्रेबल वाढवतो, कारण आवाज बंद वाटतो. तसं करू नका. ॲम्पच्या प्लगिनमधला कॅब बंद करा. नॅमची मॉडेल, म्हणजे खऱ्या ॲम्पचा आवाज पकडलेल्या फाईली, उतरवताना शीर्षक वाचा. 'फुल रिग' लिहिलेल्या मॉडेलमध्ये कॅब आधीच पकडलेला असतो, त्यावर आयआर लावायचा नाही. फक्त ॲम्प पकडलेलं मॉडेल घ्या.

रीपरमधला रिव्हर्बचा प्लगिन, ज्याचं नाव रीव्हर्ब (ReaVerb), आयआर वाचू शकतो. तो वापरत असाल तर 'ड्राय'ची, म्हणजे न गाळलेल्या मूळ आवाजाची, पट्टी पूर्ण खाली आहे ना ते बघा. ड्राय थोडाजरी सुरू राहिला तर गाळलेल्या आवाजात न गाळलेला मिसळतो आणि पोळं पुन्हा उठतं.

५. फाईलचं नाव वाचायला शिका

खरी कला इथे आहे. एका संचात दोनशे फाईली असतात आणि नावं अशी की डोकं चक्रावतं. पण प्रत्येक नावात साधारण चारच गोष्टी असतात: पेटी, स्पीकर, माइक, जागा.

पेटी. '४ बाय १२' म्हणजे १२ इंची चार स्पीकर, बहुधा मागून बंद. खालचा भाग घट्ट, हेवी रिफला ठोस. '१ बाय १२' किंवा '२ बाय १२' मागून उघडी असेल, फेंडरच्या कॉम्बोसारखी, तर आवाज मोकळा, हवेशीर, खालून हलका. स्वच्छ टोनला ती छान.

स्पीकर. सेलेशनचा व्हिंटेज ३० सगळ्यात जास्त भेटेल. २ ते ३ किलोहर्ट्झच्या आसपास तो पुढे येतो, त्यामुळे बँडमध्ये गिटार हरवत नाही, पण हेडफोनवर एकटा ऐकला तर जरा टोचतो. २५ वॅटचा ग्रीनबॅक जास्त मऊ, मधल्या भागात खरखरीत गोडवा असलेला, जुन्या रॉकसाठी उत्तम. जी१२टी-७५ मध्ये मधला भाग थोडा खोल गेलेला आणि वर-खाली धार. व्हॉक्स एसी३० मधला १५ वॅटचा ब्लू किणकिणतो.

माइक. एसएम५७ हे शुअरचं १९६५ सालापासूनचं मॉडेल. ५-६ किलोहर्ट्झच्या आसपास त्याला उठाव आहे, म्हणून गिटार कापत पुढे येते. रॉयरचा आर-१२१ हा रिबन माइक वरून गुळगुळीत आणि खालून भरलेला. सेनहायझरचा एमडी४२१ या दोघांच्या मधे कुठेतरी, अंगाने जाड.

जागा. माझ्या मते या चौघांत हिचं वजन सगळ्यात जास्त. स्पीकरच्या मधोमध एक गोल टोपी असते, 'कॅप'. माइक तिच्या बरोबर मध्यावर असेल तर आवाज तीक्ष्ण. टोपीच्या कडेला, म्हणजे 'कॅप एज'ला, तो संतुलित. पुढे कोनवर सरकत गेलात तर अंधारत जाणारा.

हे स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका. एकच स्पीकर, एकच एसएम५७, फक्त जागेच्या तीन फाईली घ्या. जाड तारेवर तळहात दाबून सलग ठोके वाजवा. मध्यावरच्या फाईलमध्ये प्रत्येक ठोक्याच्या आधी पत्र्यावर खडा पडल्यासारखा 'टच्च' येईल. कडेच्या फाईलमध्ये तो खडा विरघळेल आणि मागचा ठोका पुढे येईल. कोनवरच्या फाईलमध्ये पखवाजाच्या डाव्या पुडीसारखी घुमारी उरेल आणि पिकचा आवाज जवळजवळ नाहीसा होईल. ॲम्पच्या ट्रेबलचं बटण कितीही फिरवलं तरी हा फरक तसा मिळत नाही. रात्री उशिरा हेडफोन लावून मी ही तीन फाईलींची उजळणी केली, तेव्हा गेनच्या बटणावर घालवलेले महिने कुठे गेले ते मला कळलं.

६. निवड करताना

दोनशे फाईली एकामागून एक ऐकू नका. विसाव्या फाईलनंतर कान थकतात आणि मग सगळ्यात भडक फाईल आवडायला लागते.

मी असं करतो. गिटारचा कोरा सिग्नल एकदाच रेकॉर्ड करतो: आठ मात्रा दाबलेले ठोके, आठ मात्रा मोकळे कॉर्ड, थोडी वरच्या तारांवरची धून. तो फिरवत ठेवतो आणि हात मोकळे ठेवून फक्त ऐकतो. वाजवता वाजवता निवड केली तर आपण आयआरऐवजी स्वतःच्या वाजवण्याकडे लक्ष देतो. एका वेळी दोनच फाईली समोरासमोर, आवडलेली पुढच्या फेरीत, तालमीतल्या जोडीसारखी.

दोन्हींची पातळी आधी सारखी करा. मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो, आणि वेगवेगळ्या आयआरची पातळी सहज ४-५ डेसिबलने कमी-जास्त असते. ही एक काळजी घेतली नाही तर बाकीची मेहनत वाया जाते.

निवड ड्रम आणि बेसच्या साथीवर करा. एकट्याने ऐकताना भरदार वाटणारा आयआर साथीत बेसच्या जागेवर बसतो आणि दोघेही गढूळ होतात. एकटा ऐकताना किंचित पातळ वाटणारा बहुधा बरोबर निघतो.

आवाजाच्या पातळीचाही विचार करा. हळू आवाजात आपल्या कानाला खालचे आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकू येतात. म्हणून शेजारी झोपलेले असताना अगदी हळू आवाजात बनवलेला टोन मंडपात घुमतो आणि टोचतो. शेवटचा निर्णय दिवसा, बोलण्याच्या आवाजापेक्षा थोड्या वरच्या पातळीवर घ्या.

शेवटी चार फाईली ठेवा: स्वच्छ टोनची एक, क्रंचची, म्हणजे हलक्या डिस्टॉर्शनची, एक, हेवी रिफची एक, सोलोची एक. बाकीच्या वेगळ्या फोल्डरमध्ये टाका आणि तीन महिने तो उघडू नका. याबाबतीत मी हट्टी आहे, कारण फाईली गोळा करत राहणारी आणि वाजवणं मागे पडलेली मुलं मी पाहिली आहेत.

७. दोन आयआर मिसळायचे असतील तर

एसएम५७ ची धार आणि रिबनचं अंग एकत्र करणं ही स्टुडिओतली जुनी पद्धत. धोका फेजचा, म्हणजे दोन आवाजांच्या लाटा मागेपुढे होऊन एकमेकींना खोडण्याचा. दोन माइक स्पीकरपासून फक्त अडीच सेंटीमीटर मागेपुढे असतील तरी आवाज ०.०७ मिलिसेकंदांच्या फरकाने पोचतो, आणि दोन्ही सारख्या प्रमाणात मिसळले की ७ किलोहर्ट्झच्या थोडं खाली खड्डा पडतो. अंतर वाढलं की खड्डा खाली सरकत नेमका गिटारच्या पट्ट्यात येतो.

तपासायची सोपी युक्ती: एका आयआरची पोलॅरिटी उलटी करा, म्हणजे लाटेत चढ तिथे उतार. आवाज पोकळ, बारीक झाला तर मूळ मांडणी बरोबर होती, परत सरळ करा. उलटी केल्यावर आवाज जास्त भरदार झाला तर मूळ मांडणीतच गडबड आहे. नॅडआयआरमध्ये एका बाजूला किंचित डिले देऊन ती सुधारता येते. एकाच संचातल्या, एकाच पेटीच्या फाईली मिसळल्या तर हा त्रास कमी होतो, कारण त्या बऱ्याचदा आधीच जुळवलेल्या असतात.

सुरुवातीचे दोन-तीन महिने एकच आयआर वापरा. एकाने काम होत नसेल तर बहुधा तो एकच चुकीचा निवडलेला असतो.

८. थोडी छाटणी

आयआरनंतर इक्वलायझरवर ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापा. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची आहे, त्याखालची जागा बेस आणि किकची. वरून ८ ते १० किलोहर्ट्झच्या पुढचं हलकंसं उतरवा. एवढंच. याहून जास्त इक्वलायझर लागत असेल तर पाचव्या पायरीवर परत जा आणि माइकची जागा बदललेली फाईल घ्या.

९. पेडलमध्ये फाईल भरताना

प्रत्येक यंत्राचं स्वतःचं मागणं असतं: मोनो वेव्ह, ठरावीक सॅम्पल रेट, ठरावीक लांबी. पुस्तिकेत बघूनच भरा. ४८ किलोहर्ट्झची फाईल एखाद्या यंत्राने न बदलता ४४.१ वर वाचली तर सगळे चढ-उतार सुमारे ८ टक्के खाली सरकतात आणि लॅपटॉपवर आवडलेला आयआर पेडलवर मंद वाटतो. लांबीची फार चिंता नको. ४८ किलोहर्ट्झवर २०४८ सॅम्पल म्हणजे जवळपास ४३ मिलिसेकंद, जवळ धरलेल्या माइकच्या आयआरला पुरेसे.

१०. खरा व्हॉल्व्ह ॲम्प असेल तर

इथे चूक महाग पडते. व्हॉल्व्ह ॲम्पचं स्पीकर आउट मोकळं ठेवून ॲम्प कधीही चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. तेच आउट थेट इंटरफेसलाही लावू नका, इंटरफेस जाईल. मध्ये लोड बॉक्स, म्हणजे स्पीकरच्या जागी ॲम्पचा भार घेणारी पेटी, हवाच, ॲम्पच्या ओमशी जुळणारा आणि त्याच्या वॅटला पुरून उरणारा. त्याच्या लाइन आउटमधून सिग्नल इंटरफेसला आणि तिथे आयआर. ही खरेदी उसनवारीवर किंवा घरगुती जुगाडावर करू नका.

११. स्टेजवर जाताना

पेडलमध्ये दोन पॅच कायम तयार ठेवा. मिक्सरला किंवा पीए स्पीकरला जाणारा पॅच आयआरसकट. कुणाच्या गिटार ॲम्पला लावायची वेळ आली तर आयआर बंद असलेला, कारण तिथे खरा स्पीकर आहे. दोन्हींची नावं ठळक ठेवा. मी 'मंडप' आणि 'ॲम्प' अशीच ठेवली आहेत, घाईत इंग्रजी लघुरूपं आठवत नाहीत.

काही मिक्सरवर कंडेन्सर माइकसाठी ४८ व्होल्टचा फॅन्टम पुरवठा सगळ्या चॅनलना एकदम चालू होतो. काही पेडलना तो सोसत नाही. मधे डीआय बॉक्स, म्हणजे पेडल आणि मिक्सर यांच्यामधली जोडणीची छोटी पेटी, असेल तर उत्तम. नसेल तर केबल लावायच्या आधी विचारा. चॅनलवर आधीच्या कार्यक्रमातला इक्वलायझर तसाच राहिलेला असतो, बऱ्याचदा निवेदकाच्या माइकचा, ट्रेबल वर ओढलेला. म्हणून साउंडवाल्यांकडे गेल्यावर मी पहिल्यांदा एवढंच सांगतो: "दादा, कॅब पेडलच्या आतच लावलाय. चॅनल सपाट ठेवा, फॅन्टम तेवढं बंद करा, आणि एक मिनिट मला खाली उभं राहून ऐकू द्या."